एक पायी फेरी मागते आहे : मुंबई महापालिका आणि वारसा समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
आणि मुंबई वारसा संवर्धन समितीचे सर्व सदस्य

विषय : जागतिक प्रदर्शनांनी मुंबईत ठेवलेल्या खुणा दाखवणारी, मराठीतून चालणारी पायी फेरी सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे शिकागोला गेले होते. एका रविवारी तिने मला मिडवे नावाच्या लांबलचक हिरवळीवर नेलं. आम्ही पंधरा-वीस जण होतो आणि पुढे पांढऱ्या केसांच्या एक बाई, हातात जुन्या फोटोंचं बाड घेऊन. १८९३ चं जागतिक प्रदर्शन, म्हणजे देशोदेशींनी आपला माल, यंत्रं आणि कला मांडायचा मोठा मेळा, इथे भरलं होतं, असं सांगून त्यांनी हिरवळीच्या एका तुकड्याकडे बोट दाखवलं. तिथे गवत होतं, आणि एक मुलगा कुत्र्याला फिरवत होता. त्या जागी तेव्हा २६४ फूट उंच आकाशपाळणा होता, त्याला ३६ डबे, आणि एकेका डब्यात ६० माणसं मावायची. बाई बोलत राहिल्या आणि आम्ही मान वर करून रिकाम्या आभाळाकडे बघत राहिलो. प्रदर्शनाच्या बहुतेक इमारती वरून पांढऱ्याशुभ्र, आतून तात्पुरत्या प्लास्टरच्या होत्या. पुढच्याच वर्षी लागलेल्या आगीत बऱ्याचशा जळाल्या. जे उरलं नाही, त्याचीही त्या गावाने इतकी निगुतीने आठवण ठेवली आहे.

दुपारी आम्ही मिशिगन अव्हेन्यूवरच्या कला संग्रहालयात गेलो. ती इमारत त्याच प्रदर्शनाच्या वेळची. तिथेच सर्वधर्म परिषद भरली आणि ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद बोलले. समोरच्या रस्त्याच्या त्या भागाला त्यांचं नाव मानाने दिलं आहे. पाटी वाचताना ऊर भरून आला, हे सांगायला नको. पण लेकीने फोनवर परिषदेतल्या वक्त्यांची यादी काढली आणि तिच्यात एक नाव दिसलं : बी. बी. नगरकर, मुंबई. ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलायला ते इथून गेले होते. जैन धर्माच्या वतीने बोललेले वीरचंद गांधीही मुंबईहूनच गेले. माझा जन्म गिरगावातला. ब्राह्मो समाजाच्याच विचारांच्या प्रार्थना समाजाच्या नावाच्या बस थांब्यावर मी चाळीस वर्षं उभी राहिले, आणि नगरकरांचं नाव मला कळलं ते साता समुद्रापलीकडे, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

परत आल्यावर मी एक वही घातली. मी महापालिका शाळेतून निवृत्त झालेली चित्रकला शिक्षिका आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, पण पोरांना घेऊन फिरायची सवय आहे. त्या वहीतून जे हाती आलं, ते आपल्यापुढे ठेवते आहे.

मुंबईत जागतिक प्रदर्शन कधीच भरलं नाही. आपल्या देशातलं तसं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन १८८३-८४ मध्ये कलकत्त्याला भरलं. पॅरिसला आयफेल टॉवर राहिला, मेलबर्नला घुमटाची इमारत राहिली, ब्रुसेल्सला अणूच्या आकाराचं अॅटोमियम राहिलं. तसं ठळक काही आपल्याकडे दिसत नाही, म्हणून आपला त्या गोष्टीशी संबंध नाही असं आपण धरून चालतो. पण मुंबईने त्या प्रदर्शनांना माल पाठवला, माणसं पाठवली, आणि तिथून बरंच काही इकडे आलं. जे आलं ते भायखळ्यापासून अपोलो बंदरापर्यंत अजून उभं आहे. एका सकाळी बघून होईल इतक्या अंतरात. ते कुणीतरी ओळीने दाखवायला हवं.

फेरी राणीच्या बागेपासून सुरू करा. तिथल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहाचं मूळच प्रदर्शनांत आहे. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात भलंमोठं काचघर उभारून प्रदर्शन भरवलं गेलं. साडेपाच महिन्यांत साठ लाखांच्या आसपास लोकांनी ते पाहिलं. मग १८५५ मध्ये पॅरिसचं प्रदर्शन आलं. या दोन्हींसाठी मुंबई इलाख्यातून धान्याचे, कापसाचे, लाकडाचे, विणकामाचे, कोरीवकामाचे नमुने गोळा झाले, आणि तसाच एक संच इथेही ठेवावा, या विचारातून शहराचं पहिलं संग्रहालय जन्माला आलं. १८५७ मध्ये ते फोर्टातल्या बराकीत होतं. उठाव झाला, लष्कराला जागा हवी झाली, घाईघाईने सामान टाऊन हॉलात हलवलं गेलं आणि त्यात पुष्कळ नासधूस झाली. तरी लोकांनी ते सोडून दिलं नाही. भाऊ दाजी, नाना शंकरशेट यांनी पुढाकार घेतला, वर्गणी जमवली. १८६२ मध्ये पायाभरणी झाली, मध्ये १८६५ चं शेअरबाजाराचं दिवाळं निघालं, काम रखडलं, आणि २ मे १८७२ ला दारं उघडली. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. महापालिकेने इतर संस्थांना सोबत घेऊन त्याचं जे जतन केलं, त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. म्हणून तर हे पत्र आपल्याला लिहिते आहे. जे हात हे करू शकतात, त्यांना फेरी जड नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या जुन्या शाळेतली सहावीची बावीस मुलं घेऊन मी तिथे गेले. आत शिरल्यावर पोरं गप्प झाली. हिरव्या-सोनेरी खांबांची ती दोन मजली ओळ, वरचं रंगवलेलं छत, समोर राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याचा पांढरा पुतळा. १८५१ च्या प्रदर्शनामागे हाच अल्बर्ट होता, हे त्यांना सांगितलं. एक मुलगा मात्र पुतळ्याकडे बघेना. तो एका खांबाजवळ नाक लावून उभा होता. "बाई, याला शिवण आहे," तो म्हणाला. मी चष्मा सरसावून पाहिलं. रंगाखाली वरपासून खालपर्यंत गेलेली केसाएवढी रेघ होती.

ती रेघ मला चांगली ठाऊक होती. आमचे अण्णा लालबागच्या बाजूला एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचा साचा दोन अर्धकांत करतात, ती जुळवून वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात, आणि जोडावर अशी रेघ उमटते. कानस मारली तरी पुरती जात नाही. अण्णा रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरूनही बोट फिरवून ती शोधायचे. मुलांना हे सांगितल्यावर पुढचा अर्धा तास बावीस जण खांब-खांब हिंडून शिवण शोधत होते. काचेच्या कपाटांतली मातीची चित्रं, पगड्या, शिसवी लाकडाचे नमुने हे सगळं त्यांनी त्यानंतर बघितलं, आणि बघताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न लावला : हे कसं केलं असेल? पंचवीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून मला जे जमलं नाही, ते त्या एका रेघेने झालं.

बाहेर पडताना दगडी हत्तीपाशी थांबायचं. घारापुरीला ज्याच्यामुळे एलिफंटा हे नाव पडलं, तो हा हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा बेत होता. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले, म्हणून इथे राहिला. पुढे १९१४ मध्ये तुकडे सांधून तो उभा केला गेला. सांधे अजून दिसतात.

भायखळ्याहून लोकलने सीएसएमटीला उतरलं की जे. जे. कलाशाळा पाच मिनिटांवर. १८५१ च्या प्रदर्शनाने सगळीकडे कारागिरी आणि कारखाना यांच्या नात्याबद्दल चर्चा पेटवली. तिच्याच वाऱ्यात १८५३ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि मार्च १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराचं या आवाराशी नातं आहे. इथे १८६५ पासून शिकवणारे जॉन लॉकवूड किपलिंग शाळकरी वयात हाइड पार्कातलं ते प्रदर्शन पाहून कलेकडे वळले होते. समोरच्या महात्मा फुले मंडईच्या दारावर, कमानींच्या वर, त्यांनी घडवलेली शिल्पं आहेत. मंडईत येणाऱ्या किती जणांची मान तिथवर वर जाते? आणि १९२४ च्या वेम्बलीच्या प्रदर्शनासाठी जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी एक अख्खी भारतीय खोली रंगवून पाठवली होती.

जे.जे.पाशी एक दुःखाची गोष्टही सांगायला हवी. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती काढण्यात रॉबर्ट गिल यांनी आयुष्याची वीस वर्षं घालवली. हाइड पार्कातलं काचघर पुढे लंडनजवळ सिडनहॅमला हलवलं होतं. तिथे त्या प्रती लावल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात आग लागून जवळजवळ सगळ्या गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स जे.जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला बसले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच एक. तेरा वर्षांचं ते काम. त्यातल्याही कितीतरी प्रती लंडनच्या संग्रहालयात १८८५ च्या आगीत जळाल्या. आपल्या घरची चित्रं दोनदा परक्या घरात जळाली. हे ऐकल्यावर मुलं खूप वेळ काही बोलली नाहीत.

तिथून फोर्टात. एशियाटिकच्या, म्हणजे जुन्या टाऊन हॉलच्या, तीस पायऱ्यांवर बसून डबे खायला परवानगी मिळाली तर बरं होईल. आत नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे आणि बराकीतून उचललेला तो संग्रह याच इमारतीत आणला गेला होता. आणखी एक गोष्ट इथेच सांगावी. लाहोरहून आणलेला कोहिनूर १८५० च्या सुरुवातीला मुंबईच्या खजिन्यात ठेवला होता. ६ एप्रिल १८५० ला मेडिया नावाच्या जहाजातून तो मुंबईतून निघाला. पुढच्या वर्षी तो हाइड पार्कात पिंजऱ्यात मांडला होता. बघायला झुंबड उडाली, पण लोकांना तो निस्तेज वाटला, म्हणून १८५२ मध्ये तो पुन्हा पैलू पाडून लहान केला गेला. दहा-बारा वर्षांच्या राजाकडून घेतलेला हिरा आपल्या बंदरातून गेला, हे मुंबईच्या मुलांना पाठ हवं.

काही जण मला म्हणतात, ही सगळी साहेबाची प्रदर्शनं, त्यांची फेरी कशाला? त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. इथला कोणता कच्चा माल विलायतेच्या गिरण्यांना उपयोगी पडेल, हे बघायलाही ते नमुने मागवले होते, आणि वस्तूखाली कारागिराचं नाव घालायची कुणाला गरज वाटत नव्हती. म्हणूनच फेरी आपण आपल्या भाषेत काढली पाहिजे. दुसऱ्या कुणी सांगितली तर ती अल्बर्टपासून सुरू होऊन अल्बर्टपाशी संपेल.

आता काळा घोडा. सगळ्या फेरीत माझा जीव इथे अडकतो.

एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल. १८६७ ते १८६९ या काळात उभं राहिलं. खांब, तुळया, कठडे सगळं इंग्लंडात ओतलं, जहाजातून आणलं आणि इथे जोडलं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. हाइड पार्कातलं काचघर उभारणाऱ्या मंडळींत हे ऑर्डिश होते. ते काचघर नऊ-दहा महिन्यांत उभं राहिलं, कारण ते ठरावीक मापाच्या तुकड्यांचं होतं. कारखान्यात खांब ओतायचे, जागेवर आणून बोल्टने जोडायचे. खांब आतून पोकळ, म्हणजे छतावरचं पावसाचं पाणी त्यांतूनच खाली जायचं. ते काचघर १९३६ मध्ये जळून गेलं. पण त्याच हातांची, त्याच विचाराची एक पाच मजली इमारत मुंबईत उभी आहे, अजून उभी आहे. इथेच ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रांचे खेळ झाले, एक रुपया तिकीट. तो खेळ पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी कॅमेरा मागवला. मराठी माणसाचं सिनेमाशी नातं या इमारतीत जुळलं.

२००५ मध्ये तिच्या सज्जाचा भाग कोसळला. त्याच वर्षी जगातल्या धोक्यात असलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी झाली. पाडावी असं म्हणणारा तांत्रिक अहवाल आला, आणि पाडू नका, दुरुस्त होईल, असं म्हणणारे वास्तुतज्ज्ञही पुढे आले. इमारत खाजगी मालकीची आहे, प्रश्न कायद्याचा आहे, हे मी जाणते. तरी माझं मत लपवत नाही. ती वाचवायला हवी. अण्णा म्हणायचे, "बीड भार कितीही घेईल, पण त्याला वाक सोसत नाही. ते वाकत नाही, एकदम तुटतं." गंजलेल्या बोल्टांवर आणि पाणी मुरलेल्या जोडांवर किती पावसाळे निघतील, हा हिशोब आपले अभियंते माझ्यापेक्षा नीट करू शकतात. इमारतीत जाता येत नाही तोवर निदान समोरच्या फुटपाथवर एक पाटी हवी, तिच्यावर तुकडे कसे जोडले त्याचं चित्र हवं. मुलं रस्त्यापलीकडून ते चित्र आणि इमारत ताडून बघतील. मी त्यांना पेन्सिलीने खांबांची नुसती लय काढायला लावते, खिडक्या नाही, नक्षी नाही, फक्त उभ्या-आडव्या रेघा. दहा मिनिटांत कागदावर इमारतीचा सांगाडा उतरतो.

शेवटचा टप्पा गेटवेजवळ, अपोलो बंदरावर. ३१ मे १८९३ ला विवेकानंद मुंबईहूनच बोटीने निघाले. पुढे योकोहामाहून ज्या जहाजाने ते गेले, त्यावर शिकागोचं प्रदर्शन बघायला निघालेले जमशेटजी टाटाही होते, आणि त्या ओळखीचा धागा बंगळुरूच्या विज्ञान संस्थेपर्यंत जातो. स्वामीजींचा पुतळा तिथे आहेच. पण मुलांना मी जवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीपुढे नेते. आज तिथे अणुऊर्जा विभागाचं कार्यालय आहे, आत जाता येत नाही. १९४९ पासून १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकाला नवी इमारत होईपर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्था प्रामुख्याने इथे होती. हिचा प्रदर्शनाशी काय संबंध? सांगते. १८५१ च्या त्या प्रदर्शनाला १ लाख ८६ हजार पौंड नफा झाला. त्यातून लंडनमध्ये जमीन घेतली, संग्रहालयं उभी केली, आणि उरलेल्या निधीतून शिष्यवृत्त्या सुरू केल्या, त्या आजही मिळतात. १९३० च्या दशकात केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या होमी भाभांना त्यातलीच एक मिळाली होती. ज्या प्रदर्शनात आपला कोहिनूर मांडला, त्याच्या तिकिटांच्या पैशातून काही पैसे शंभरेक वर्षांच्या वळणाने अपोलो बंदरावर परत आले, असं मी मुलांना सांगते. अतिशयोक्ती म्हणाल तर म्हणा, पण हिशोब खोटा नाही.

माझी मागणी मोठी नाही. या सात-आठ ठिकाणी मराठीत नीट, मोठ्या अक्षरात पाट्या लावा. मध्यंतरी एका जुन्या इमारतीपाशी मी मुलांना पाटी वाचायला सांगितली. ती फक्त इंग्रजीत होती आणि तिच्यात बांधणाऱ्याचं नाव, शैलीचं नाव एवढंच होतं. मुलं दोन ओळी अडखळत वाचून पुढे निघून गेली. त्यांचं काय चुकलं? पाटीने गोष्ट सांगितली पाहिजे : हा खांब कुठे ओतला, कुणी जोडला, इथून कोण कुठे गेलं. सोबत एक घडीचा नकाशा, महापालिकेच्या प्रत्येक शाळेत पोचेल असा. महिन्यातून एक शनिवार शाळांसाठी राखून ठेवा. सांगणारी माणसं बाहेरून आणायची गरज नाही, जे.जे.ची मुलं आहेत, आमच्यासारखे निवृत्त शिक्षक आहेत, चार तासांचं शिबिर घेतलंत तर तयार होतील. गिरगाव फेरीच्या वाटेवर नाही, तरी प्रार्थना समाजापाशी नगरकरांच्या नावाची एक पाटी लागली तर मला किती बरं वाटेल, ते शब्दांत सांगता येत नाही.

माझी वही, हाताने काढलेला नकाशा आणि मुलांनी काढलेली एस्प्लनेड मॅन्शनची बावीस चित्रं मी आपल्या कार्यालयात आणून देईन. त्याआधी आपल्यापैकी कुणी माझ्याबरोबर एकदा चालून यावं, ही विनंती. संग्रहालय बुधवारी बंद असतं, तो वार सोडून कोणताही दिवस सांगा. सकाळी दहाला मी राणीच्या बागेच्या फाटकाशी असेन. येताना पेन्सिल आणा, कागद मी देते.

आपली नम्र,
महापालिका शाळेतून निवृत्त झालेली एक चित्रकला शिक्षिका
गिरगाव, मुंबई